उलार नको, धुरजडही नको: छोट्या पिकअपमागे बोट नेताना

मिनेसोटात राहणाऱ्या एका मित्राचा एप्रिलमध्ये फोन आला. तिकडे तळ्यांवरचा बर्फ फुटायला लागला की माणसं बोटींच्या जाहिराती घेऊन बसतात. "अरे, मॅव्हरिक घेतलीय ना मी, फोर्डचा छोटा पिकअप, ती चार हजार पौंड ओढते. आणि एक बोट बघून ठेवलीय. सतरा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. कागदावर वजन अकराशे पौंड. म्हणजे मागे काही आहे हे गाडीला कळणारसुद्धा नाही. बरोबर?"

ती गाडी ती बोट नेईल, हे त्याचं उत्तर बरोबर होतं. ज्या गणितावरून तो तिथं पोचला होता, ते मात्र साफ चुकलं होतं. तासभर बोललो. तेच बोलणं इथं जरा सविस्तर मांडतो, कारण अमेरिकेतल्या मराठी घरांत छोटे पिकअप आता दिसायला लागलेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो.

आपल्याकडे खासगी गाडीला ट्रेलर जोडून बोट नेणं हा प्रकार जवळजवळ नाहीच. कोकणातली होडी किनाऱ्यावर राहते. पावसाळ्याआधी दहाबारा जण हात लावून ती वाळूवर वर ओढतात आणि झाकून ठेवतात. अमेरिकेत उलटं. तिथं बोट घराशेजारी किंवा गॅरेजमध्ये उभी असते, शनिवारी सकाळी ट्रेलरवरून तळ्यावर जाते, संध्याकाळी घरी परत. या येण्याजाण्याचा सगळा भार घरातल्या गाडीवर. गाडीच्या मागे बंपरखाली एक चौकोनी पोकळ नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. त्यात एक दांडा सरकवायचा, त्याच्या टोकाला लोखंडी गोळा. ट्रेलरच्या तोंडाशी पालथ्या वाटीसारखा कपलर असतो. ती वाटी गोळ्यावर बसवायची आणि खटका लावायचा. सगळी कहाणी त्या मुठीएवढ्या गोळ्यावर घडते.

"छोटा पिकअप" म्हणजे नक्की काय, तेही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकातली फोर्ड रेंजर छोटी होती. अमेरिकेत ती २०११ पर्यंत विकली गेली, आणि २०१९ मध्ये परत आली ती मध्यम आकाराची होऊन. मधल्या काळात खऱ्या अर्थाने छोटा पिकअप अमेरिकी बाजारात उरलाच नव्हता. २०२२ च्या मॉडेलपासून फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ आल्या. दोन्ही बांधणीने मोटारीच्या जातीच्या. जुन्या पिकअपसारखी वेगळी शिडीवजा चौकट आणि वर ठेवलेला साटा असं यांच्यात नसतं, खालपासून वरपर्यंत एकसंध शरीर असतं. त्यामुळे त्या चालवायला मऊ, पेट्रोलला बऱ्या, आणि ओझ्याच्या बाबतीत थोड्या नाजूक. मॅव्हरिक मुळात २,००० पौंड म्हणजे ९०७ किलो ओढते. टोइंगचं खास पॅकेज घेतलं तर ४,००० पौंड, म्हणजे १,८१४ किलो. सांता क्रूझचं साधं इंजिन ३,५०० पौंडांना आणि चारही चाकं फिरवणारं टर्बो ५,००० पौंडांना पुरतं. मॅव्हरिकचं हे पॅकेज म्हणजे नुसता मागचा हुक नव्हे. त्यात गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर आणि रेडिएटरचा जास्त ताकदीचा पंखा येतो. म्हणून दोन हजारवाली गाडी घेऊन बाजारातून दणकट हिच, म्हणजे मागचा जोड, बसवली की ती चार हजारवाली होते, हा समज सोडून द्यावा. हिच टिकेल, गिअरबॉक्स उकळेल.

मित्राला मी पहिला प्रश्न विचारला: तुझी गाडी दोन हजारवाली की चार हजारवाली? तो गप्प झाला. (चार हजारवाली निघाली. नशीब.)

आता अकराशे पौंडांकडे येऊ. बोटीच्या पत्रकात "ड्राय वेट" असतं, म्हणजे कोरडं वजन. बहुतेक वेळा ते फक्त सांगाड्याचं असतं. कोरडं म्हणजे पाण्यात न भिजलेलं नव्हे. बिनइंजिनाचं, बिनपेट्रोलचं, बिनसामानाचं. लग्नात "मुलाकडचे फक्त पन्नास जण" म्हणतात, तसा हा आकडा. त्या बोटीवर ११५ अश्वशक्तीचं इंजिन बसणार, ते एकटं ३६० पौंडांच्या आसपास. पेट्रोल एका गॅलनला साधारण सहा पौंड, २४ गॅलनची टाकी भरली की १४५. मासेमारीच्या बोटीत सहसा तीन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाला आणि दोन पुढच्या छोट्या विजेच्या मोटरीला, त्यांचे १६५. ती मोटर, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, गळांच्या पेट्या मिळून २०० धरा. बर्फाने भरलेली पेटी ८०. आणि जी गोष्ट सगळेच विसरतात ती म्हणजे खुद्द ट्रेलर: लोखंडी चौकट, आस, चाकं, हे आणखी ७००. बेरीज करा. २,७५० पौंड, साडेबाराशे किलो. अकराशेची बोट रस्त्यावर येईपर्यंत अडीचपट झाली. दोन हजारवाल्या मॅव्हरिकला ही बोट नेताच आली नसती.

बेरजेवरही विसंबू नये. हायवेवरच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात, थोड्या डॉलरांत कागदावर छापील वजन मिळतं. एकदा सगळं भरून, टाकीसकट, काट्यावर न्यावं. बहुतेकांचा अंदाज खालीच चुकलेला असतो.

मग जाहिरातीतल्या ४,००० ला अर्थ काय? आहे, आणि चांगला भक्कम आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने आकडा छापायची. मग एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे २८०७ नावाचं एक प्रमाण ठरवलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून सगळ्यांत आधी स्वीकारलं, बाकीच्यांनी बरेच आढेवेढे घेऊन. त्यातली एक परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. कोलोरॅडो नदीकाठून वाळवंटातला रस्ता ११.४ मैलांत सुमारे ३,००० फूट वर चढतो. बाहेर शंभर अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण वजन, आणि गाडीचा वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये. दुसरी परीक्षा १२ टक्के चढावर उभ्या गाडीने पुन:पुन्हा सुटण्याची, पुढे आणि रिव्हर्समध्येही. मे महिन्यात एसी लावून, भरल्या गाडीने कसारा घाट चढलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल.

पण त्याच प्रमाणात एक बारीक गोष्ट आहे: पिकअपमध्ये माणसं दोनच धरलेली आहेत, प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. मागचा साटा, म्हणजे सामानाची उघडी जागा, जवळजवळ रिकामा. मित्राच्या गाडीत तो, बायको, दोन मोठी मुलं आणि मागे अर्धं किराणा दुकान. म्हणजे त्याच्यासाठी चार हजार हे चार हजार राहत नाहीत.

इथं दुसरा आकडा पुढे येतो, आणि माझ्या मते छोट्या पिकअपमध्ये हाच खरा. चालकाचं दार उघडलं की खांबावर एक पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं स्टिकर दिसतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा, इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन नको. त्याच नमुन्याच्या दोन गाड्यांवरही हा आकडा वेगळा असू शकतो, कारण वरचं काचेचं छत, मोठी चाकं असं काही घेतलं की तेवढं त्यातून वजा होतं. समजा आपल्या गाडीवर १,४०० पौंड लिहिलंय. चार माणसांचे ६६० गेले. साट्यातल्या सामानाचे दीडशे, हिचच्या दांड्याचे तीसेक. आणि ट्रेलर त्या गोळ्यावर जेवढा खाली दाबतो ते वजनही यातच मोजायचं. ते आपल्या बोटीचं २७५ च्या आसपास. झाले १,११५. उरले २८५. ठीक आहे, पण "गाडीला कळणारसुद्धा नाही" यातलं ते नव्हे. साट्यात जळाऊ लाकडाच्या चार मोळ्या आणि मुलाच्या दोन मित्रांचं सामान टाकलं की संपलं.

ते २७५ कुठून आले, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. आणि तो समजायला मराठी माणसाला इंग्रजी पुस्तक लागत नाही. बैलगाडी भरणाऱ्याकडे त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत. मागे जास्त माल पडला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात, गाडी मागे कलंडायला बघते: ती गाडी उलार झाली. काही भागांत उलाळ म्हणतात. पुढे जास्त पडला की जू बैलांच्या मानेवर बसतं, त्यांना पाय उचलवत नाही: ती धुरजड. चांगला गाडीवान पोती एक-दोन हात पुढेमागे सरकवून जू मानेवर हलकं टेकेल एवढंच ठेवतो. बोटीचा ट्रेलर म्हणजे हुबेहूब हीच रचना. बहुधा एकच आस, दोन चाकं, पुढे निघालेली दांडी, आणि जुवाच्या जागी तो गोळा.

फरक एवढाच की बैलगाडी ताशी तीन मैलांनी जाते आणि ही साठने. त्यामुळे उलार होण्याची शिक्षा वेगळी मिळते. विमानतळावर दोन चाकांची बॅग ओढत घाईने पळताना ती अचानक डावी-उजवी नाचायला लागते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. जितकं पळावं तितकी जास्त नाचते, आणि शेवटी पालथी होते. ट्रेलरचंही तसंच. वजनाचा मध्य आसाच्या मागे गेला की शेपटाला एखादा वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेल्या ट्रकचा धक्का पुरतो. कमी वेगात ते डोलणं आपोआप विरतं. एका ठरावीक वेगापुढे विरायच्या ऐवजी प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि मग शेपूट कुत्र्याला हलवतं. छोटा पिकअप वजनाने हलका, म्हणून त्याला हलवणं सोपं.

म्हणून नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के वजन गोळ्यावर यावं. बोटीचे ट्रेलर बनवणारे पुष्कळदा याहून कमी, पाच ते दहा टक्के सांगतात. अशा वेळी ट्रेलरवाल्याचा आणि गाडीवाल्याचा असे दोन्ही आकडे बघून दोघांना चालेल असं ठेवावं. दहाच्या जवळ राहिलं की सहसा कुणाची तक्रार नसते. बोटीला उलार होण्याची खोडच असते, कारण सगळ्यांत जड वस्तू, इंजिन, अगदी शेपटाला टांगलेली. त्यात लोक बर्फाची पेटी आणि नांगर मागच्या फळीवर ठेवतात. ते पुढे घेतलं तरी बराच फरक पडतो. तरी भागलं नाही तर ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बोट ओढून घ्यायच्या हातरहाटाचा जो खांब असतो तो पुढे सरकवून बोटच थोडी पुढे घ्यायची, किंवा चौकटीवर आस मागे सरकवायचा. ही कामं एकदाच करायची असतात. मात्र अति पुढेही नको. धुरजड ट्रेलरने पिकअपचं बूड बसतं आणि नाक वर येतं. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर हवेत गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पिकअपची तितकी वर जात नाहीत, पण हलकी होतात. आणि पुढची चाकं हलकी म्हणजे वळणंही ढिली, ब्रेकही ढिला.

हे वजन मोजायला घरातला माणसं मोजायचा काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, चाकांना अटकाव लावून, तोंड गाडीला जोडल्यावर असतं त्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि कपलर त्यावर टेकवायचा. काटा जेवढं दाखवेल त्यातून ठोकळ्याचं वजन वजा. काटा ३०० पौंडांपर्यंतचा असेल तर आपलं काम भागलं.

आणि डोलणं सुरू झालंच तर? पहिली ऊर्मी जोरात ब्रेक मारायची असते, ती आवरायची. गाडीचा ब्रेक लागतो, ट्रेलर मागून रेटतो आणि दोघांची जोडावर घडी पडते. स्टीअरिंगने डोलण्याला उत्तर देत बसायचं नाही, कारण आपला हात नेहमी अर्ध्या ठेक्याने मागे असतो. स्टीअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा. मग कडेला थांबून सामान पुढे घ्यायचं. "आता थांबलं ना" म्हणून पुढे निघायचं नाही. हल्लीच्या गाड्या एकेका चाकाला ब्रेक लावून हे डोलणं मोडतात, ते चांगलंच आहे. पण चुकीचं भरलेलं सामान ती यंत्रणा पुढे सरकवत नाही.

ब्रेकचं प्रकरण बोटीच्या ट्रेलरला जरा वेगळं असतं. इतर ट्रेलरना सहसा विजेचे ब्रेक असतात, चाकात लोहचुंबक. बोटीचा ट्रेलर दर आठवड्याला पाण्यात बुडणार, त्याला वीज परवडत नाही. म्हणून सर्ज ब्रेक नावाची एक सुंदर युक्ती आहे. गाडी थांबू लागली की ट्रेलर मागून ढकलतो. त्या ढकलण्यानेच कपलरमधला दट्ट्या आत दाबला जातो, तेल चाकांकडे जातं आणि ट्रेलर स्वतःलाच ब्रेक लावून घेतो. जितकं ढकलणं जास्त तितका ब्रेक जास्त. गाडीत वेगळं काही बसवायला नको. एकच अडचण: रिव्हर्समध्ये चढ चढवतानाही तो दट्ट्या दाबला जातो, त्याला वाटतं थांबायचंय. म्हणून अशा ट्रेलरच्या दिव्यांच्या जोडणीत चारच्या ऐवजी पाच तारा असतात. पाचवी, निळी, रिव्हर्सच्या दिव्याशी जोडलेली. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की ती ब्रेकचा मार्ग बंद करते. गाडीला चारच तारांची जोडणी असेल तर माणूस अर्धा तास ट्रेलर मागे रेटत बसतो आणि गाडीला दोष देतो.

कायदा जागोजागी वेगळा. मिनेसोटासकट अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच, आणि तिथं मागे ट्रेलर असला की वेगाची मर्यादाही ५५ मैल. युरोपातल्या वाचकांसाठी: तिकडे ब्रेकशिवायची हद्द ७५० किलो, आणि जर्मनीत ट्रेलरसह साधारण ताशी ८० किलोमीटर. मित्राची बोट कायद्याने ब्रेकशिवाय चालली असती. मी घेऊ नको म्हणालो. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेकशिवाय किती वजन चालेल याचा स्वतंत्र आकडा असतो आणि तो कायद्याहून पुष्कळ कडक असू शकतो. शिवाय दोन टनांहून कमी वजनाची गाडी सव्वा टनाची वस्तू एकटीने थांबवणार, हे नुसतं ऐकूनही पटत नाही. वेग ६५ वरून ५५ वर आणला तर ब्रेकना जिरवायची ऊर्जा चौथ्या हिश्शाहून जास्त कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ट्रेलरचे खास टायर असतात, त्यांतले पुष्कळसे ताशी ६५ मैलांपर्यंतच बनवलेले. पेट्रोल तर विचारूच नका. वाऱ्याला आडवी भिंत घेऊन निघाल्यावर मायलेज निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

रस्ता संपला, तळं आलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते इथं.

बोट पाण्यात सोडायचा उतार म्हणजे रॅम्प, काँक्रीटचा, साधारण १२ ते १५ टक्के. बोट सोडताना उतार मदत करतो. परत काढताना तोच उतार हिशोब मागतो. गाडी आणि चालक मिळून चार हजार पौंड, मागे २,७५०. १५ टक्के उतारावर हे सगळं वर न्यायला सुमारे हजार पौंडांचा जोर लागतो. इंजिनाला हजार पौंड म्हणजे काहीच नाही. प्रश्न तो जोर जमिनीला लावायचा असतो. २०२४ पर्यंतची हायब्रिड मॅव्हरिक फक्त पुढची चाकं फिरवणारी होती. (ती दोन हजारवालीच होती, म्हणजे ही बोट तिच्यासाठी नव्हेच, पण हिशोबापुरतं धरू.) अशा गाडीत चढामुळे आणि गोळ्यावरच्या वजनामुळे पुढच्या चाकांवर जेमतेम १,८०० पौंड उरतात. ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर टायर त्याच्या साठ टक्के पकड देतो असं धरलं तर १,०८० पौंड. काठावर पास. शेवाळावर ती पकड तीस टक्क्यांवर आली की ५४०. चाक जागच्या जागी फिरतं, रबराचा वास येतो, आणि मागे रांगेतले लोक मदत करायच्या आधी बघत उभे राहतात. चारही चाकं फिरणारी असतील तर तेच शेवाळ, पण गाडीचं सगळं वजन कामाला येतं: बाराशेच्या वर.

म्हणजे पुढची चाकं फिरवणारी गाडी बोटीला कुचकामी का? तसंही नाही. मागची चाकं पाण्याशी, शेवाळावर असतात आणि पुढची वर, कोरड्या काँक्रीटवर. ही तिची जमेची बाजू. जूनमध्ये, चांगल्या रॅम्पवर तिचं काम होतं. ऑगस्टमध्ये पाणी उतरतं, गाडी आणखी खाली न्यावी लागते, आणि जे काँक्रीट दोन महिने पाण्याखाली होतं त्यावर पुढची चाकं येतात. पोटापुरती छोटी बोट असेल, रॅम्प ओळखीचा असेल, तर चालून जाईल. मला विचाराल तर बोटीसाठी गाडी घेत असाल तर चारही चाकांचीच घ्या. फोर्डने २०२५ पासून हायब्रिडमध्येही ती दिली आहे.

रॅम्पवर गाडी उभी करण्यातही एक मेख आहे. ऑटोमॅटिक गिअर "पार्क"मध्ये टाकला की एक खटका फिरत्या चाकांना अडकवतो. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत तो पुढच्याच चाकांना अडकवतो, म्हणजे नेमकी जी हलकी झालीयत त्यांनाच. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. म्हणून रॅम्पवर आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, मग पार्क, आणि जमल्यास चाकामागे ठोकळा, घाटात एसटीच्या चाकाला दगड लावतात तसा. इंटरनेटवर पाण्यात गेलेल्या गाड्यांचे जे व्हिडिओ लोक हसत बघतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्या अशाच एकट्या गेलेल्या असतात. चालक बोटीचा दोर सोडायला उतरलेला असतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. गोळ्याची मुख्य मापं तीन आहेत, एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, दोन इंच आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंच. कपलरवर छापलेलं असतं तेच हवं. मोठ्या वाटीत लहान गोळा बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. साखळ्या दोन असतात, त्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. उतरणीवर टो मोड लावायचा, तो खालचा गिअर धरून ठेवतो आणि ब्रेक तापत नाहीत.

चाकांच्या बेअरिंगबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण रस्त्याच्या कडेला उभे दिसणारे बोटवाले पुष्कळदा तिथंच अडकलेले असतात. तासभर धावून चाकाच्या मध्याचं हब तापलेलं असतं, आतली हवा प्रसरण पावलेली. ते थंड पाण्यात बुडालं की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं दूध होतं, बेअरिंग गंजतं, आणि एका उन्हाळी रविवारी चाक बसतं. स्प्रिंगवाल्या टोप्या मिळतात, त्या आत सतत ग्रीसचा थोडा दाब ठेवतात. रॅम्पवर पोचल्यावर पंधरा मिनिटं थांबून मग उतरावं, आणि वाटेत थांबाल तेव्हा हबला हात लावून बघावा. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये.

रिव्हर्सची भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे. ट्रेलर उलट्या बाजूला वळतो, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन घडी घालतो. हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा, सहा वाजताच्या काट्यावर. मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो, डोक्यातला उलटसुलट गोंधळ संपतो. थोडं वळवा, वाट बघा, सरळ करा. बिघडलं की पुढे घेऊन पुन्हा. मित्राला मी बोट आणण्याआधी भाड्याचा रिकामा ट्रेलर घेऊन शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये रविवारची सकाळ घालवायला सांगितली. त्याने बायकोलाही नेलं, आणि आता रॅम्पवर गाडी तीच मागे घेते.

बोटीच्या तळाला पाणी काढायचं एक छोटं बूच असतं. वरच्या मोकळ्या जागेत, रांगेत शिरण्याआधीच, पट्टे सोडायचे, दिव्यांची तार काढायची, बूच लावायचं. पुढच्या हातरहाटाचा पट्टा मात्र बोट तरंगेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर ती काँक्रीटवरच घसरून उतरते. परत निघताना तेच बूच काढायचं. मिनेसोटात तो कायदा आहे: बूच लावलेली बोट रस्त्यावर नेता येत नाही. कारण झेब्रा शिंपले. १९८८ मध्ये ग्रेट लेक्सच्या भागात सापडलेली ही परकी जात बोटींत साठलेल्या पाण्यातून तळ्यातळ्यांत पसरली. नखाएवढे शिंपले पाण्याचे नळ बुजवतात, तळ्याचं अन्न खाऊन टाकतात. म्हणून काढा, निथळवा, वाळवा. मित्राने ते बूच एका लाल दोरीने गाडीच्या किल्लीला बांधलंय. किल्ली जड होते म्हणून कुरकुरतो, पण अजून एकदाही विसरलेला नाही.